गुळगुळीत वीज

तात्या दुकानाच्या पायरीशी थांबले आणि मला म्हणाले, "तू आत जा, वृंदा. काय ते विचारून ये. माझं नाव काढू नकोस."

मे महिना होता आणि सकाळी दहालाच सेलूचा रस्ता तापला होता. माझे सासरे डोक्याला पंचा गुंडाळून रस्त्यावर उभे राहिले. समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पौळ बॅटरी व इन्व्हर्टर'. त्या पाटीकडे मात्र ते बघत नव्हते. मी आत गेले आणि हातातला कागद काउंटरवर ठेवला. तात्यांनी आदल्या दिवशी घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनच्या मागच्या पट्टीवरची सगळी अक्षरं भिंग लावून त्या कागदावर उतरवून घेतली होती.

दुकानात गंगाधर पौळ एकटेच होते. पन्नाशीच्या आतले, अंगाने आडवे, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी कागद वाचला, मग माझ्या खांद्यावरून बाहेर नजर टाकली.

"साहेबांना आत बोलवा, ताई. ऊन आहे," ते म्हणाले.

मी म्हणाले, ते येणार नाहीत. पौळांनी मान हलवली, जणू त्यांचीही तशीच अपेक्षा होती.

तात्या वीज खात्यातून ज्युनिअर इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी लागली ती तारतंत्री म्हणून. खांबावर चढत, परीक्षा देत वर आलेला माणूस. चहासुद्धा कुणाचा घेतला नाही. सत्त्याऐंशी साली, पौळांच्या बहिणीच्या लग्नात, भर हळदीच्या संध्याकाळी ते जीप घेऊन मांडवापाशी उतरले होते. मांडवातली रोषणाई आकड्यावर चालली होती, खांबावरच्या तारेवर वाकडी तार अडकवून. आकडा टाकणारा होता बावीस वर्षांचा गंगाधर. तात्यांनी स्वतः आकडा काढला, पंचनामा केला, आणि वऱ्हाड गॅसबत्तीच्या उजेडात जेवलं. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगितली जायची. पौळांच्या घरात ती कशी सांगितली जात असेल, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

आमच्या घरी इन्व्हर्टर नव्हता. तात्यांना तो आपल्या नोकरीचा अपमान वाटे. गावात रोज चार तास लोडशेडिंग असायचं. ते चार तास तात्या अंगणात खुर्ची टाकून, हाताने वारा घेत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लाइट नेमकी किती वाजता येईल ते सांगायचे. पण त्या वर्षी सासूबाईंची फुप्फुसं आखडत गेली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं, कपाटाएवढं नाही पण पिठाच्या डब्याएवढं. ते विजेवर चालायचं. लाइट गेली की दवाखान्याने तात्पुरता दिलेला मोठा सिलिंडर जोडायचो. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की नळीशिवाय त्या पाच-दहा मिनिटं निभावतील, त्यापुढे खेळ नको. आणि तो सिलिंडर दवाखान्याला लवकरच परत हवा होता. तेव्हा कुठे तात्या इन्व्हर्टर बघायला बाहेर पडले.

माझा नवरा मस्कतला होता. घरात आम्ही तिघंच.

पौळांनी मला समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि इतकं सोपं करून मी ते कधी शिकवलं नव्हतं.

"स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, ताई. पंखा फिरतो, ट्यूब लागते, टीव्हीसुद्धा दिसतो. पण तुमच्या या मशीनमध्ये मोटारही आहे आणि डोकंही आहे. खडबडीत विजेवर मोटार तापणार आणि डोकं मशीन बंद करणार. याला गुळगुळीत वीज लागते, खांबावरून येते तशी. साइन वेव्हचा इन्व्हर्टर म्हणतात त्याला. आणि मोटार सुरू होताना जोर मागते, म्हणून थोडा मोठाच घ्यायचा."

तो त्यांच्याकडे आहे का, असं मी विचारलं. नव्हता. औरंगाबादहून मागवावा लागेल, आठ दिवस जातील. तोवर काहीही झालं तरी सिलिंडर हातचा सोडू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि एका कार्डावर आपला नंबर लिहून दिला.

बाहेर येऊन मी तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चालू लागले. कोपऱ्यावर गेल्यावर म्हणाले, बावीस वर्षं वाट बघितली त्याने, आता मला आठ दिवस वाट बघायला लावतोय. मी म्हणाले की माणूस खरं बोलत होता असं मला वाटतं.

तिथून आम्ही बसस्टँडजवळच्या मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे थंड हवा होती, टाय लावलेला विक्रेता होता. तात्या कोण हे कळल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली. साहेबांसारख्या जाणकार माणसाला आम्ही काय सांगणार, असं तो म्हणाला आणि मग वीस मिनिटं सांगत राहिला. फ्रिज चालतो, कॉम्प्युटर चालतो, घरातलं सगळं चालतं, उद्या लगेच बसवून देतो. तात्यांनी कागद पुढे केला. त्याने तो न वाचताच मान डोलावली.

मी विचारलं, "याचा आउटपुट साइन वेव्ह आहे का?"

विक्रेत्याने माझ्याकडे न बघता तात्यांकडे बघितलं. तात्या हसले. हसून त्याला म्हणाले, "आमच्या सूनबाई पुस्तकातून वीज शिकल्या आहेत. मी तारेला हात घालून शिकलोय."

तो हसला. मागे बिल लिहिणारी मुलगीही हसली. मी पर्समधून रुमाल काढला आणि घाम नसलेलं कपाळ पुसलं. त्यानंतर त्या दुकानात मी एक शब्द बोलले नाही, आणि घरी येईपर्यंतही नाही.

गुरुवारी दुपारी शोरूमचा माणूस इन्व्हर्टर घेऊन आला. पलंगाशेजारी बॅटरी ठेवली, जोडण्या केल्या, मेन स्विच पाडला. पंखा फिरत राहिला, ट्यूब लागली. ऑक्सिजनचं मशीनही चाललं. आवाज जरा जाडसर झाला, एवढंच. पाच मिनिटं सगळे मशीनकडे बघत उभे राहिलो. मग त्या माणसाने सही घेतली आणि तो गेला. सासूबाई उशीला टेकून हे बघत होत्या. त्यांनी तात्यांना विचारलं की एवढी साधी गोष्ट होती तर इतकी वर्षं मला घामात का ठेवलंत. दम लागत असूनही त्या असं एखादं वाक्य पूर्ण बोलायच्या, मग थोडा वेळ डोळे मिटून पडायच्या.

शुक्रवारी सकाळी मी भाजी आणायला गेले होते. परत येऊन स्वयंपाकाला लागले. लोडशेडिंगची वेळ अकराची. बरोबर अकराला बाहेरचे पंखे थांबल्याचा तो नेहमीचा सुन्न आवाज झाला, आमचा पंखा मात्र फिरत राहिला. तात्या पलंगाशेजारी खुर्चीत होते.

वीस मिनिटांनी मशीनमधून तापलेल्या रबराचा वास यायला लागला. मग ते घुमायला लागलं, लाल दिवा लागला, एक लांबलचक शिट्टी वाजली आणि मशीन थांबलं. तात्यांनी बटण बंद करून चालू केलं. मशीन हुंदका दिल्यासारखं हललं आणि पुन्हा थांबलं.

"सिलिंडर लावा," मी म्हणाले आणि कोपऱ्याकडे वळले. कोपरा रिकामा होता.

"सकाळी दवाखान्याचा माणूस आला होता," तात्या म्हणाले. "देऊन टाकला."

मी त्यांच्याकडे बघितलं असेन. सासूबाई उठून बसल्या होत्या आणि दोन्ही हात गादीवर रोवून श्वास ओढत होत्या. मी दवाखान्यात फोन लावला. गाडी एका खेड्यात बाळंतिणीला आणायला गेली होती. सिलिंडर घेऊन निघायला सांगतो, पण अर्धा-पाऊण तास धरून चाला, असं उत्तर मिळालं. तात्यांनी आपल्या जुन्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस अदबीने बोलला, पण बंद लाइनचा फायदा घेऊन दोन जण आमच्याच फीडरच्या, म्हणजे आमच्या भागाला वीज आणणाऱ्या लाइनच्या, खांबांवर दुरुस्तीला चढले होते. त्यांना उतरवून, मोजून घेतल्याशिवाय लाइन चालू करता येत नव्हती.

"नको," तात्या फोनवर म्हणाले. "घाई करू नका. माणसं वर आहेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मी ते कार्ड काढलं आणि तात्यांना न विचारता नंबर फिरवला.

पौळ सात-आठ मिनिटांत स्कूटरवर आले. चपला काढून सरळ पलंगापाशी गेले, मशीनला हात लावून बघितला, इन्व्हर्टरकडे एकदा बघितलं. मशीन थंड झालं की खांबावरच्या विजेवर चालेल, डोकं शाबूत आहे, एवढं त्यांनी मला सांगितलं. सासूबाईंचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. पौळ अंगणात गेले, मी मागोमाग गेले. आमच्या फाटकासमोरून रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे शाळेचं मैदान आहे. शाळेला सुट्टी होती, त्या बाजूला एकही घर नव्हतं. मैदानाच्या भिंतीकडेने खांबांची एक रांग जात होती.

"साहेब," पौळांनी हाक मारली. तात्या दारात आले. "ती पलीकडची लाइन दवाखान्याची ना? तिला लोडशेडिंग नसतं."

तात्यांनी त्या तारांकडे बघितलं. ती लाइन त्यांनीच उभी केली होती. कोणता खांब किती खोल गाडलाय हेही त्यांना माहीत होतं.

"पाणी उपसायच्या मोटारीची लांब केबल आहे ना तुमच्याकडे?" पौळ म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "मी टाकतो आकडा. तुम्ही आत थांबा. तुम्ही बघितलंच नाही असं होईल."

आतून सासूबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता. तात्या पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी अंगणातला कपडे वाळत घालायचा बांबू उचलला.

"तुला नीट येत नाही, गंगाधर," ते म्हणाले. "तेव्हाही तुझी तार लोंबत होती. पोराबाळांच्या डोक्याला लागली असती."

एकसष्ट वर्षांच्या माणसाने रबरी बूट चढवले, हातमोजे चढवले, निवृत्तीनंतर पेटीत घालून ठेवलेले. पौळांनी बांबू खालून आवळून धरला आणि तात्यांनी, आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी माणसांना फौजदारीत उभं केलं, ती गोष्ट भर दुपारी, रस्त्यावरून चाललेल्या चार-पाच जणांच्या देखत केली. इतक्या सफाईने केली की बघणाऱ्यांपैकी एकाने सायकलवरून उतरून पाय टेकला आणि वाखाणल्यासारखी मान हलवली.

मी आत धावले. मशीनची पिन केबलच्या टोकाला जोडून बटण दाबलं. ते एकदा घुटमळलं आणि चालू झालं. आवाज स्वच्छ, रोजचा. मी नळी सासूबाईंच्या नाकाशी नीट केली आणि त्यांचा हात धरून बसले. पाच-सात मिनिटांनी ओठांचा रंग बदलायला लागला. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, "ते कुठायत?"

ते खांबाखाली उभे होते. केबल रस्त्यावरून आडवी आली होती. तिच्यावर कुणाचा पाय पडू नये, चाक जाऊ नये म्हणून तात्या एका बाजूला आणि पौळ दुसऱ्या बाजूला पहारा देत होते. येणाऱ्या प्रत्येकाला तात्या सांगत होते, "जपून, चोरीची तार आहे." पौळ खाली मान घालून हसू दाबत होते.

दवाखान्याची गाडी आली. सिलिंडर आत पोचला, नळी बदलली, आणि मी दारातून हात हलवल्याबरोबर तात्यांनी आकडा उतरवला. मग घड्याळ बघितलं.

संध्याकाळी ते अर्ज लिहून ऑफिसात गेले. मला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. पौळांनाही निरोप धाडला होता, तेही आले. आता तिथे एक तरुण मुलगी इंजिनियर होती. तिने उठून तात्यांना खुर्ची दिली. अर्ज वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला थांबली. दवाखान्याच्या फीडरवरून मी बेचाळीस मिनिटं वीज चोरली, असं पहिलंच वाक्य होतं. खाली भार किती, तार कोणत्या जाडीची, खांब क्रमांक किती, सगळं होतं.

तिने विचारलं, "पण सर, पकडलं कुणी?"

"मीच," तात्या म्हणाले.

तिने पंचनाम्याचा छापील कागद काढून बघितला. पकडणाऱ्याची सही वेगळी आणि पकडल्या गेलेल्याची वेगळी अशा दोन जागा होत्या, आणि दोन्हीकडे एकच नाव घालायची सोय नव्हती. मॅडमने चहा मागवला. आजारी माणसासाठी केलं, त्याची नोंद कशाला, असं ती समजुतीने म्हणाली. तात्या चिडले. हेच चालू राहिलं तर खातं बुडेल, असं म्हणाले. शेवटी पौळांनी तोडगा काढला. "मॅडम, पकडणाऱ्याच्या जागी माझं नाव घाला. साहेबांना मी पकडलं." ती गोंधळून दोघांकडे बघत राहिली. तात्यांनी मात्र पेन उघडून पौळांच्या हातात दिलं. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी तात्यांनी त्या ऑफिसात पहिल्यांदाच चहा घेतला, पौळांच्या शेजारी बसून.

घरी आल्यावर सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की बेचाळीस मिनिटं मी चोरीच्या श्वासावर होते, तर मलाही आरोपी करायला हवं होतं.

दवाखान्याने सिलिंडर आठ दिवस राहू दिला. आठव्या दिवशी पौळांनी औरंगाबादहून मागवलेला इन्व्हर्टर आला आणि त्यांनी स्वतः येऊन बसवला. पाच मिनिटांच्या चाचणीवर ते थांबले नाहीत. मशीन पूर्ण चार तास बॅटरीवर चालवलं, दर अर्ध्या तासाला हात लावून बघितला. शोरूमचा इन्व्हर्टर त्यांनी पुढच्या खोलीतल्या पंख्याला जोडून दिला. पंख्याला तो ठीक आहे म्हणाले. तात्या त्यांच्या मागे-पुढे करत राहिले, पकड दे, टेस्टर दे. पौळ निघाले तेव्हा तात्या त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे सासूबाईंचा डोळा लागला. मी आणि तात्या त्याच खोलीत बसलो होतो. मी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले.

इतके दिवस मी एक गोष्ट कुणाला बोलले नव्हते. गुरुवारी शोरूमचा माणूस गेल्यावर खोक्याचा पसारा मी आवरला होता. त्यात इन्व्हर्टरचं माहितीपत्रक होतं. शेवटच्या पानावर, चौकटीत, ठळक छापलं होतं की हे उपकरण वैद्यकीय यंत्रांसाठी वापरू नये. मी ते दोनदा वाचलं. मग नीट घडी घालून दिवाणखान्यातल्या खणात ठेवलं. शोरूममधलं ते हसणं माझ्या कानात होतं. उद्या अकरा वाजता मशीन शिट्टी मारेल, सिलिंडर लावू, आणि तात्यांना कळेल कोण कुठून वीज शिकलंय, एवढाच माझा हिशेब होता. सिलिंडर जाणार आहे हे मला माहीत नव्हतं. पण ते माहीत नव्हतं, हे काही मला वाचवणारं नव्हतं.

"तात्या," मी म्हणाले, "त्या इन्व्हर्टरच्या कागदावर सूचना होती. मी गुरुवारीच वाचली होती. मुद्दाम बोलले नाही."

तात्या चष्मा पुसत होते. पुसत राहिले.

"मीही वाचली होती," ते म्हणाले. "तुझ्या आधी. तो माणूस बॅटरी जोडत होता तेव्हाच."

"मग सिलिंडर का दिलात?"

"दवाखान्याचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, साहेबांकडे आता इन्व्हर्टर आहे, आता काय काळजी. त्याच्यापुढे नाही म्हणता आलं नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. "मला वाटलं, तू बोलशील. भौतिकशास्त्र शिकवतेस, तू कागद वाचणारच. तू म्हणाली असतीस तर मी इन्व्हर्टर परत केला असता. सून ऐकेना म्हणून परत करतो, असं सांगता आलं असतं. गुरुवारी रात्री जेवताना वाट बघितली. सकाळी बघितली."

"तुम्हीच मला गप्प केलं होतंत."

"हो," ते म्हणाले. "केलं होतं ना."

पलंगावर सासूबाई कुशीवर वळल्या. मी उठून नळी सरळ केली आणि पुन्हा येऊन बसले. तांदूळ पुढे ओढून निवडायला घेतले. बोलायचं होतं ते आता दोघांनाही माहीत होतं. मध्येच केव्हातरी लाइट गेली असावी. शेजारचा रेडिओ बंद पडला होता, कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा थांबला होता. पण आत मशीन तसंच एका लयीत चालू होतं, आणि लाइट गेल्याचं आम्हाला कळलंसुद्धा नाही.